खान्देशात गोल्डन रिट्रीव्हर पाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या घरांसाठी आहेत. पुण्या-मुंबईच्या हवेला धरून दिलेला सल्ला आपल्याकडे मार्च ते जून टिकत नाही, म्हणून उन्हाळ्याची उत्तरं मुद्दाम लांब आहेत. पिल्लू आणायचं अजून पक्कं झालं नसेल तर आधी पहिले तीन प्रश्न वाचा.

ही तर थंड देशातली जात. आपल्याकडे पाळावी का?

पाळता येते, पण घराच्या आत. जात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली. पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ म्हणून ओळखल्या गेलेल्या एका जमीनदाराने गिसाकन इथल्या आपल्या इस्टेटीवर १८६८ मध्ये पिवळ्या रंगाचा रिट्रीव्हर आणि ट्वीड वॉटर स्पॅनियल जातीची मादी यांची पिल्लं घेतली. तिथून हा वंश सुरू झाला. बंदुकीने पाडलेले पक्षी गार पाण्यातून आणि दलदलीतून तोंडात धरून, दात न लावता मालकाकडे आणायचे, हे त्याचं काम. त्यासाठी अंगावर केसांचे दोन थर आले: वरचा पाणी झटकणारा, आतला मऊ आणि दाट. तिथला उन्हाळा २० अंशांच्या आसपासचा, आणि भुसावळचा मे ४३-४५ अंशांचा.

तेव्हा प्रश्न जातीचा कमी आणि तुमच्या घराचा जास्त आहे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊ ते संध्याकाळी सात कुत्रा तुमच्याबरोबर कूलरच्या खोलीत राहणार असेल तर आणा. देवघर, सोवळं, नवी फरशी, केस, कारण कुठलंही असो, कुत्रा ओट्यावर किंवा पत्र्याच्या शेडमध्येच राहणार असेल तर ही जात आणू नका. त्या घरासाठी गावठी पिल्लू शंभर पटीने बरं. त्याचं अंग या हवेसाठीच बनलं आहे.

घराची किंवा मळ्याची राखण करेल का?

नाही. दोनदा भुंकेल, मग चोराची चप्पल तोंडात घेऊन त्याच्याभोवती शेपटी हलवत फिरेल. हा दोष नाही, स्वभाव आहे. मारून, उपाशी ठेवून किंवा अंधारात बांधून तो राखणदार होत नाही, फक्त भित्रा होतो आणि भित्रा कुत्रा चावतो.

मळ्यात एकटा ठेवू नका. यावल, रावेर, चोपडा, शहादा, तळोदा या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात आणि चाळीसगावला गौताळा अभयारण्याच्या बाजूला बिबट्याचा वावर आहे. साखळीला बांधलेला कुत्रा त्याला सोपी शिकार असतो.

आम्ही दोघं नोकरीला, मुलं शाळेत. दिवसभर घरी कोणी नसतं. चालेल?

पिल्लू असताना नाही. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दर दोन तासांनी बाहेर न्यावं लागतं आणि दिवसातून चार वेळा खायला लागतं. मोठा कुत्रा चार-पाच तास एकटा राहू शकतो. रोज नऊ-दहा तास एकटा राहिला तर सोफा फाडणं, दार खरवडणं, पंजे चाटून चाटून लाल करणं सुरू होतं. घरात आजी-आजोबा असतील तर प्रश्न बराच सुटतो. मात्र ३० किलोचा कुत्रा पट्टा ओढून म्हाताऱ्या माणसाला पाडू शकतो, तेव्हा फिरायला नेणं त्यांच्यावर टाकू नका.

पिल्लू घेताना काय पाहावं?

आधी आई पाहा. 'आई गावाला आहे', 'फोटो पाठवतो' असं उत्तर आलं की तिथून निघा. आई माणसांत मोकळी वावरते का, तिचं अंग खरजेने भरलंय का, पिल्लं कोरड्या जागेत आहेत का, एवढं पाहिलं तरी निम्मं कळतं.

आठ आठवड्यांआधी पिल्लू घेऊ नका. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीच्या नियमांनुसार त्याआधी विकताच येत नाही आणि ब्रीडरकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी असावी लागते. महिन्याभराचं पिल्लू 'लवकर लळा लागतो' म्हणून गळ्यात मारतात. प्रत्यक्षात भावंडांत राहून किती जोरात चावायचं हे शिकायचे नेमके तेच आठवडे असतात.

केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. म्हणून आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे काढलेत का हे विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर 'नाही' येईल, पण 'हो' म्हणणारा मिळाला तर त्याला दोन पैसे जास्त द्या. 'डबल बोन', 'हेवी बोन' असले शब्द विक्रीपुरते असतात. तशी कुठली जात नाही.

आठ आठवड्यांचं पिल्लू साधारण चार ते पाच किलोचं असावं. डोळे-नाक कोरडं, पोट फुगलेलं नाही, हिरड्या गुलाबी. फुगलेलं पोट आणि बारीक पाय दिसले तर जंत समजा.

लसी आणि जंताचं औषध कधी?

सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस. मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. या लसींत डिस्टेंपर, पार्वो (रक्ताचे जुलाब आणि उलट्या लावणारा आजार), कावीळ आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) येतात. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. पुढचा बूस्टर वर्षाने, आणि रेबीजची लस आपल्याकडे दर वर्षी चुकवू नये.

जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, मग तीन महिन्यांतून एकदा. डोस वजनावर ठरतो, म्हणून आधी वजन करा: पिल्लाला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मुख्य काम गाई-म्हशी-शेळ्यांचं असतं. तिथे कुत्र्यांच्या लसी असतात का, आणि लाईट गेल्यावर फ्रिजचं काय करतात, हे दोन्ही विचारा. गरम झालेली लस टोचूनही उपयोग होत नाही आणि पिल्लू पार्वोने जातं. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बाजारात, दवाखान्याच्या फरशीवर सोडू नका. कडेवर घेऊन मात्र जरूर फिरवा. ट्रॅक्टर, बँड, टोपीवाला माणूस, रांगणारं बाळ हे सगळं त्याने चौदा आठवड्यांच्या आत पाहिलं पाहिजे.

उन्हाळ्यात घरात काय व्यवस्था लागते?

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरची ओल उडवून अंग गार करतो. हवा स्वतःच ४४ अंशांची असली की या धापांचा जोर पुरत नाही.

कूलर आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत उत्तम चालतो, कारण हवा कोरडी असते. कूलरसमोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. खोली बंद केली की दमटपणा साठतो आणि कुत्र्याच्या धापा उलट वाढतात. याच कारणाने जूनच्या मध्यानंतर, पहिला पाऊस पडून उकाडा सुरू झाला की कूलर निकामी ठरतो. ते दोन-तीन आठवडे मेपेक्षा फसवे. तापमान ३६ वर आलेलं असतं, घरचे निर्धास्त होतात आणि कुत्रा धापा टाकत पडलेला असतो. एसी असेल तर २६-२७ वर लावलेला पुरे.

शहाबादी फरशी असलेली खोली त्याची. गादी घालू नका, तो स्वतःच फरशीवर पोट टेकून पडेल. वरच्या मजल्यापेक्षा तळमजला बरा, आणि गावाकडे धाब्याची जुनी खोली असेल तर ती सगळ्यांत गार. स्लॅबखालची सर्वांत वरची खोली मे महिन्यात रात्री बारापर्यंत तापलेली असते, तिथे कुत्रा कोंडू नका. खिडकीला वाळ्याची ताटी लावून पाणी मारलं की फरक लगेच जाणवतो.

दुपारी लाईट जाते हे धरूनच चला. इन्व्हर्टरवर निदान एक पंखा, ओला टॉवेल अंथरलेली फरशी आणि बर्फाचा एक डबा तयार असावा. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी गोठवून ती फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवा.

पाणी: ३० किलोच्या कुत्र्याला एरवी दीड ते दोन लिटर लागतं, मे महिन्यात तीन लिटरपर्यंत. भांडी दोन ठेवा, दोन वेगळ्या ठिकाणी, मातीची असतील तर छान. ताकात मीठ-जिरं न घालता वाटीभर पातळ ताक चालतं.

फिरणं पहाटे साडेपाच ते साडेसहा आणि रात्री नऊनंतर. संध्याकाळी सहा वाजता ऊन उतरलेलं दिसतं, पण डांबर तापलेलंच असतं. तळहाताची पालथी बाजू रस्त्यावर टेका. सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याचे पंजे भाजतील. जळगावच्या मोठ्या रस्त्यांवर मे महिन्यात रात्री आठलाही ही परीक्षा नापास होते. मातीच्या कडेने चाला.

गाडीत पाच मिनिटंही बंद ठेवू नका, काच खाली करूनही नाही.

ऊन लागलं हे कसं ओळखायचं आणि लगेच काय करायचं?

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०५ च्या वर गेलं की धोका. त्याआधीच्या खुणा अशा: थांबता न येणाऱ्या, घरघरत्या धापा, तोंडातून चिकट दोरीसारखी लाळ, हिरड्या आणि जीभ गडद लाल, मागचे पाय लटपटणं, उलटी, हाक मारली तरी न बघणं. यातल्या दोन दिसल्या तरी थर्मामीटर शोधत बसू नका.

सावलीत घ्या आणि लगेच पाणी ओता, डॉक्टरला फोन दुसऱ्याने करावा. इथे एक चूक घरोघर होते: गच्चीवरच्या टाकीचं किंवा उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी ओततात. मे महिन्याच्या दुपारी ते पाणी हात पोळेल इतकं तापलेलं असतं. माठातलं, हौदातलं किंवा विहिरीचं पाणी घ्या, नाहीतर टाकीच्या पाण्यात फ्रिजच्या बाटल्या ओतून ते गार करा. पोट, काखा, जांघा, मान आणि पंजे भिजवत राहा, केस बोटांनी विस्कटून पाणी कातडीपर्यंत पोचवा. वरून पंखा जोरात. ओला टॉवेल अंगावर टाकून तसाच ठेवू नका. मिनिटभरात तो गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो.

पाणी स्वतः पीत असेल तर पिऊ द्या, तोंडात ओतू नका, फुप्फुसात जातं. गुदद्वारातून तापमान दर पाच मिनिटांनी मोजा आणि १०३ ला आलं की ओतणं थांबवा, नाहीतर ते खाली खाली जात राहतं. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप नाही, गोळीने तो उतरत नाही आणि यकृतावर भार पडतो.

उभा राहिला, शेपटी हलवली, तरीही त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याची क्रिया यांवरचा परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो. रक्ताची लघवी, काळी शी किंवा अंगावर जांभळे ठिपके आले तर तेव्हा वेळ फार थोडा उरलेला असतो.

मग उन्हाळ्यात सगळे केस भादरून टाकले तर?

टाकू नका. आतला थर हवा धरून ठेवतो आणि ती थंडीत ऊब, उन्हात आडोसा देते. मशीन मारली की ऊन थेट कातडीवर येतं आणि कातडी भाजते. शिवाय केस परत येतात ते ठिगळठिगळ, लोकरीसारखे, आणि काहींचे वर्षानुवर्षं नीट येत नाहीत. करायचं ते असं: फेब्रुवारी-मार्चमध्ये आतला थर सुटू लागतो तेव्हा लांब दातांच्या फणीने (अंडरकोट रेक) रोज दहा मिनिटं तो काढून टाका. पोटाखालचे, पंजांमधले आणि शेपटीखालचे केस कात्रीने छाटा. फरशीला टेकणारं पोट मोकळं झालं की निम्मं काम होतं.

रोज किती आणि काय खायला द्यायचं?

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, पुढे दोन. मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण १२०० ते १५०० कॅलरी लागतात, म्हणजे तयार कोरडं खाणं ३०० ते ४०० ग्रॅम. पिल्लासाठी पाकिटावर 'मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी' असं लिहिलेलंच घ्या. खर्चाचा अंदाज सोपा आहे: महिन्याला दहा-बारा किलो गुणिले तुमच्या पाकिटाचा किलोचा भाव. पिल्लाची किंमत एकदाच द्यायची असते, हा हिशेब दहा-बारा वर्षं चालतो.

घरी शिजवत असाल तर ३० किलोच्या कुत्र्याला दिवसाला हाडाशिवाय अर्धा किलो चिकन, १२० ग्रॅम कोरडा तांदूळ शिजवून, शंभर ग्रॅम लाल भोपळा किंवा दुधी, एक उकडलेलं अंडं, चमचाभर तेल. मीठ-मसाला काही नाही. भाताऐवजी ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी चालते, कुस्करून. मात्र रोज हेच असेल तर त्यात कॅल्शियम आणि इतर खनिजं कमी पडतात. डॉक्टरांकडून पुरवणी ठरवून घ्या.

गोल्डनला पोट भरल्याचं कळत नाही. त्याची नजर पाहून खायला दिलं तर तो दोन वर्षांत ४५ किलोचा होईल. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हलक्या हाताला लागाव्यात. वरून पाहिलं तर कंबर दिसावी. लॅब्राडोर कुत्र्यांवर चौदा वर्षं चाललेल्या एका अभ्यासात मोजून-मापून कमी खाणारे कुत्रे जवळपास दोन वर्षं जास्त जगले.

पिल्लाला कॅल्शियमचं सिरप द्यायचं ना? सगळेच देतात.

तयार खाणं चालू असेल तर देऊ नका. मोठ्या जातीच्या पिल्लाचं शरीर जादा कॅल्शियम अडवू शकत नाही. ते शोषलं जातं आणि हाडांची-सांध्यांची वाढ बिघडते. 'पाय वाकडे होऊ नयेत' म्हणून दिलेल्या सिरपनेच पाय वाकडे होतात. फक्त घरचं खाणं असेल तर कॅल्शियम लागतं, पण मोजून.

घरात मांस-मच्छी चालत नाही. गोल्डन राहील का?

राहील, पण दूध-भाकरीवर नाही. अंडं चालत असेल तर बरंच सोपं होतं. तेही चालत नसेल तर 'संपूर्ण आहार' लिहिलेलं शाकाहारी पाकीट आधाराला ठेवा आणि वर पनीर, दही, सोयाबीन. एक गोष्ट लक्षात असू द्या: गोल्डनमध्ये टॉरिन (मांसातून मिळणारं, हृदयाला लागणारं अमिनो आम्ल) कमी पडून हृदय फुगून कमजोर होण्याचा त्रास इतर जातींपेक्षा जास्त दिसतो, आणि वनस्पतींत टॉरिन जवळपास नसतं. अशा कुत्र्याची वर्षातून एकदा हृदयाची तपासणी करा. लवकर दमणं, रात्री खोकणं ही पहिली खूण.

ताटातलं काय अजिबात देऊ नये?

कांदा आणि लसूण, शिजवलेलाही. म्हणजे भरीत बाद: त्यात लसूणही असतो आणि कांद्याची पातही. शेवभाजीचा रस्सा बाद, काळ्या मसाल्यात भाजलेला कांदा असतो. यातून रक्तातल्या लाल पेशी फुटतात. परिणाम तीन-चार दिवसांनी दिसतो, म्हणून 'काल खाल्लं, काही झालं नाही' हा पुरावा नाही. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडं बंद पाडतात, त्यामुळे दिवाळीचा शिरा-लाडूही नको. चॉकलेट, बिनसाखरेचं च्युइंगम नको. शिजवलेलं हाड तुकडा होऊन आतड्यात रुततं. केळं चालतं, आपल्याकडे ते ढिगाने असतं म्हणून सांगतो: दिवसाला अर्धं, सालीशिवाय.

माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अर्धीसुद्धा नाही. पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो.

गोचीड जातच नाहीत. काय करावं?

अंगावर दिसतात ते थोडे. बाकीचे भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, कूलरच्या स्टँडखाली असतात. मादी कुत्र्यावरून उतरते आणि फटीत हजारो अंडी घालते. म्हणून कुत्रा आणि घर यांचा एकाच आठवड्यात बंदोबस्त करा. कुत्र्याला वजनाप्रमाणे गोळी: अफॉक्सोलॅनरची महिन्याला, फ्लुरालॅनरची बारा आठवड्यांनी. फटी सिमेंटने बुजवा, चौकटींवर डॉक्टरांनी सांगितलेली फवारणी करा आणि ती वाळेपर्यंत कुत्रा बाहेर ठेवा. कुत्र्याला फिट येत असतील तर या गोळ्यांआधी डॉक्टरांना सांगा.

गोठ्यातलं, गाई-म्हशींसाठी आणलेलं औषध अंदाजाने पाण्यात टाकून कुत्र्याला लावू नका. कुत्रा अंग चाटतो, औषध पोटात जातं: लाळ, थरथर, फिट.

रोज रात्री कानामागे, मानेखाली, काखेत आणि बोटांच्या मधे बोटं फिरवा. सापडलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, उदबत्ती नको. खाणं सोडलं, ताप आला, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद चहाच्या रंगाची झाली तर गोचीड ताप समजून त्याच दिवशी रक्त तपासा. गोचिडांतून पसरणाऱ्या एर्लिकिया या जंतूसाठी डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण चार आठवडे चालतं. आठवड्यात कुत्रा खेळायला लागतो, घरचे गोळ्या थांबवतात आणि ताप परत उलटतो.

पावसाळ्यात अंगाला वास येतो, कातडी ओली होते.

काळी माती. ती पंजांच्या केसांत चिकटून गोळे होते आणि वाळली की दगड. फिरून आल्यावर पंजे बादलीत बुडवून धुवा, बोटांच्या मधे कोरडं करा. आतला थर ओला राहिला की एका रात्रीत रुपयाएवढा लाल, ओला, दुखरा डाग उठतो आणि चाटून सकाळपर्यंत तळहाताएवढा होतो. त्याभोवतीचे केस कापा, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या पातळ द्रावणाने पुसा, चाटता येऊ नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घाला. हळद-तेल लावू नका. तेलाने हवा कोंडते.

अंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे, पण नंतर केस मुळापासून वाळवा. कान लोंबते असल्याने आत दमट राहतं. आठवड्यातून एकदा कानाच्या द्रावणाने पुसा, इअरबड आत घालू नका.

पाऊस सरला की कुसळं. कुसळ कानात किंवा बोटांच्या बेचक्यात शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. अचानक एकच कान झटकू लागला, डोकं तिरकं धरलं तर ते कुसळ असण्याची शक्यता मोठी, आणि ते डॉक्टरनेच काढावं. सराटे पंजातून तुम्ही काढू शकता.

पोहायला नेता येईल का?

गोल्डनला पाणी दिसलं की तो विचारत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं त्याच्यासाठी सापळा आहे: आत उडी सहज पडते, ओलं प्लास्टिक नखांना पकड देत नाही, कुत्रा काठाशी खरवडत दमतो आणि बुडतो. शेततळ्याजवळ पट्टा सोडू नका. तळं तुमचं असेल तर गाठी मारलेला जाड दोर किंवा टायरची साखळी काठावरून आत सोडून ठेवा. माणसालाही उपयोगी पडते. पाटचारीत पाणी सुटलेलं असताना नको. उन्हाळ्यात आटलेल्या धरणाच्या कडेला हिरवी साय आली असेल तर ते पाणी पिऊही देऊ नका, काही शेवाळं विषारी असतात. पोहून आल्यावर कान कोरडे करा.

शेतात नेल्यावर साप चावला तर?

जखम कापू नका, आवळून बांधू नका, चालवू नका. उचलून थेट दवाखान्यात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालणारी माणसांची प्रतिविषाची लसच कुत्र्याला देतात. निघतानाच फोन करून ती आहे का विचारा. कपाशीवर फवारणी झालेल्या वावरात दोन-तीन दिवस नेऊ नका, आणि फवारणीचा रिकामा डबा त्याच्या तोंडाला लागेल असा ठेवू नका. त्याला काहीही तोंडात धरून आणायची सवय असते.

लहान मुलांबरोबर ठेवता येईल का? पिल्लू मुलांचे हात चावतं.

साडेतीन ते सहा महिने दात येतात, तोवर चावणारच. हात चावला की खेळ थांबवा, उठा, अर्धा मिनिट पाठ फिरवा, मग चघळायला गोठवलेलं गाजर द्या. ओरडलं किंवा हाताने तोंडावर मारलं की त्याला तो खेळच वाटतो. मुलांना दोन नियम: खाताना आणि झोपेत त्याला हात लावायचा नाही, आणि अंगावर बसायचं नाही. पाच वर्षांखालचं मूल आणि कुत्रा मोठ्या माणसाशिवाय एका खोलीत नकोत, कुत्रा कितीही गरीब असला तरी. तो चावला नाही तरी शेपटीनेच पाडेल. कुठल्याही कुत्र्याचा दात लागला तर जखम पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्याने धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरात शी-शू करतो.

उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच त्याच जागी न्या, झालं की तिथेच बक्षीस म्हणून खाऊचा तुकडा द्या. चुकला तर नाक घासू नका, तो फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकेल. फिनेल मारून वास जात नाही. साबणाने धुवून व्हिनेगरच्या पाण्याने पुसा.

नसबंदी कधी करावी?

घाई नको. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये गोल्डनवरच अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांत खुब्याचा दोष जवळपास दुप्पट आढळला. नराची वर्षानंतर करा. मादीबाबत डॉक्टरांशी बोला. न केल्यास दर माजानंतर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याकडे लक्ष ठेवावं लागतं: जास्त पाणी पिणं, सुस्ती, उलट्या. माज साधारण तीन आठवडे चालतो आणि त्या काळात गल्लीतले सगळे कुत्रे दारात असतात.

कोणते आजार या जातीत जास्त?

खुबा आणि कोपराचे सांधे, कातडीची ॲलर्जी, थायरॉइड, आणि कर्करोग. अमेरिकेतल्या नोंदींत निम्म्याहून जास्त गोल्डन कर्करोगाने जातात. सहा वर्षांनंतर महिन्यातून एकदा अंगभर हात फिरवून गाठी चाचपा. धडधाकट कुत्रा अचानक कोसळला आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या तर पोटात रक्तस्राव समजा आणि तासाची वाट पाहू नका. गुळगुळीत टाइल्सवर पिल्लू घसरत असेल तर त्याच्या येण्या-जाण्याच्या पट्टीवर सतरंजी किंवा रबरी मॅट अंथरा.

फ्लॅटमध्ये सोसायटी हरकत घेते.

कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही. पण लिफ्टजवळची घाण, पट्ट्याशिवाय सोडणं यावर तक्रार रास्त असते. महापालिका किंवा नगरपालिकेत परवाना काढून ठेवा, रेबीजच्या लसीचं कार्ड हाताशी असू द्या.

केस किती गळतात?

भरपूर. वर्षभर. आठवड्यातून तीनदा ब्रश केला तर थोडे कमी.

रेल्वेने पुण्या-मुंबईला नेता येतं का?

फर्स्ट एसीत, पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तर बरोबर नेता येतं. गाडीच्या वेळेच्या बऱ्याच आधी पार्सल ऑफिसात जाऊन बुकिंग करावं लागतं. टू एसी, थ्री एसी, स्लीपरमध्ये परवानगी नाही. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातल्या डॉगबॉक्सचा. मार्च ते जून तो विचारही करू नका: लोखंडी डबा, वारा नाही, आणि गाडी मधेच उन्हात उभी राहू शकते. त्या दिवसांत रात्री दहानंतर निघणारी स्वतःची एसी गाडी बरी. निघण्याआधी चार तास खाणं नको, दर दोन तासांनी थांबून पाणी, आणि लसींचं कार्ड व डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला बरोबर.